खुंटी ठोकायला जागा नव्हती

दसऱ्याच्या पुढंमागं आमच्या भागात कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘सोंगून झालं का?’, म्हणजे कापणी झाली का, एवढंच विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढं निघतात, कारण विचारणाऱ्याचंही अर्धं वावर उभंच असतं. पानं गळालेलं सोयाबीन नुसत्या शेंगांवर उभं असतं; हात लागला तरी शेंग तडकते. मधल्या तुरीच्या ओळी तेवढ्या हिरव्या. सकाळी जरा गारवा, दुपारी चामडी भाजणारं ऊन, आणि दिवसभर कुठून ना कुठून हडंब्याचा घरघराट. हडंबा म्हणजे मळणीचं यंत्र. त्याच्या एका तोंडातून दाणे पडतात, दुसऱ्यातून कुटार, म्हणजे भुसकट, उडतं, आणि त्या कुटाराची बारीक लव मानेवर, कोपरात, पदराच्या आत, जिथं जिथं घाम आहे तिथं चिकटून बसते. दोनदा आंघोळ केली तरी खाज जात नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच हंगामात मी रडकुंडीला आले होते. माझं माहेर मालेगावचं, वडिलांचं किराणा दुकान. सोयाबीन मी तोवर फक्त पोत्यात पाहिलं होतं.

आता मला तो वास आवडतो. ओल्या कुटाराचा कडसर, मातकट वास आला की घरात काहीतरी येणार असं वाटतं. पण आवडता आवडता मध्येच डोकं तापतं. कारण या दिवसांत घराबाहेर पडलं की पहिली नजर जाते ती शाळेच्या पटांगणाकडं, आणि तिथं शाळा नाही. सोयाबीन आहे.

शाळा होती तेव्हा तीन खोल्या होत्या. वर टिनं, पुढं लांबट ओसरी, बाजूला एक कडुनिंब. पावसाळ्यात टिनांवर असा ताशा वाजायचा की सर शिकवणं थांबवून मुलांना चित्रं काढायला सांगायचे. आमच्या गावच्या मुलांची चित्रकला चांगली का, याचं उत्तर त्या टिनांत आहे. पहिली ते सातवी सगळे वर्ग त्या तीन खोल्यांत आणि ओसरीत दाटीवाटीनं बसायचे. भिंतींना तडे होते. एका तड्यात तर चिमणीनं घर केलं होतं, आणि त्या वर्गातली मुलं गणिताच्या तासाला पिल्लांची मोजदाद करायची.

आणि दिवाळीच्या सुट्टीत तेच पटांगण गावाचं खळं व्हायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं, चालत आलेलं होतं. मळलेलं सोयाबीन तिथं आणून ऊन द्यायचं. कुणाच्या घराची रास कुठं पडणार हे ठरलेलं. कडुनिंबापासून आमची, तिच्या शेजारी बापूरावकाकांची, मग पुढची. एक नियम असा की रास पडली की ती जागा त्या घराची. दुसरा नियम असा की दुसऱ्याच्या राशीला हात लावायचा नाही आणि पायात चप्पल घालून रास ओलांडायची नाही. धान्य घरी न्यायच्या दिवशी उदबत्ती लावून, नारळ फोडून रास उचलायची, तोवर ती तिथून हलत नाही. मला हे फार छान वाटायचं. उघड्यावर पडलेलं अख्ख्या गावाचं धान्य आणि एका दाण्याची चोरी नाही. माहेरी गेले की मी हे कौतुकानं सांगायची. याच नियमांवर पुढं इतकं चिडायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ज्या हंगामाची आठवण मला छळते, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात शाळेला चार खोल्यांची नवी इमारत मंजूर झाली. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत होते. समितीत निम्म्या बाया हव्यात म्हणून मला घेतलं होतं, आणि नाल्यापल्याडच्या वस्तीतून वंदनाबाईंना. नाल्यापल्याड बौद्ध वस्ती आहे. वंदनाबाई मजुरी करायच्या, आजही करतात. त्यांची समीक्षा तेव्हा पाचवीत होती. समितीच्या सभेत बाकीचे सभासद चहाची वाट पाहायचे आणि वंदनाबाई प्रश्न विचारायच्या. असं आमचं जमलं.

पहिल्या दिवशीच त्या मला म्हणाल्या होत्या, “वयनी, तुमाले सांगतो, हे इमारत झाली तं माही पोरगी शिकते. नाई झाली तं वरचे वर्ग बंद होतीन, मंग सहावीपासून कामरगावले जा लागन. तिचा बाप तिले जीपमंदी बसू देत नाई. मागच्या फाळक्याले पोट्टे लटकलेले राह्यते. म्हनते, घरी राह्यली तरी चालन. आता तुमीच सांगा, घरी राहून पोरगी काय करन?”

इमारत होईलच असं मी म्हटलं. सरकारनं मंजूर केली आहे, गावाला हवी आहे, विरोध कोण करणार?

गाव करी ते राव न करी, ही म्हण ज्यानं केली त्यानं आमची ग्रामसभा पाहिली असणार. शाळा कुठं बांधायची यावर तीन ग्रामसभा झाल्या. गायरानात, नाल्यापल्याड, सपाट मोकळी जागा होती. इंजिनीअर साहेबांना तीच पसंत होती. वंदनाबाईंनी ते सांगितलं मात्र, मागून आवाज आला, “आमचे पोट्टे नाला वलांडून कायले जातीन? पावसात पूर येते तिथं.” वंदनाबाई वळून म्हणाल्या, “आमचे पोट्टे इतके वर्स कोनता नाला वलांडून येऊन राह्यले मंग?” त्यावर सगळे एकदम दुसरीकडं पाहू लागले. कुणी आभाळाकडं, कुणी पंख्याकडं. नाला एकच आहे, त्याला पूरही एकच येतो, पण तो इकडून ओलांडायला खोल आणि तिकडून उथळ आहे, असं त्या दिवशी मला कळलं.

बरं, मग जुन्याच जागेवर बांधा. तर तेही नको. जुन्या जागेवर चार खोल्या म्हणजे पटांगणाचा मोठा तुकडा जाणार, आणि मग सोयाबीन कुठं वाळवायचं? शाळा पाहिजे, गावातच पाहिजे, पण खळ्यावर नको. आता हवेत बांधायची का? हे मी सभेत मोठ्यानं विचारलं. सरपंच हसले. आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, “चार मानसात असं टाकून बोलू नाई वं.” मी म्हटलं, मी चार माणसांतच बोलले, बाकीचे झोपले होते.

शेवटी तिसऱ्या सभेत सगळे थकले आणि जुनी जागा ठरली. बापूरावकाकाच उठून म्हणाले, “होऊन जाऊ द्या बाप्पा. पोट्ट्याईचं काम हाय. आपन जरा सरकून घेऊ.” टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन शिरा केला. बापूरावकाका आमच्या भावकीतले, सत्तरीचे, स्वभावानं खरोखर मायाळू. माझ्या बाळंतपणात रात्रीबेरात्री गाडी जुंपून कामरगावला नेणारे तेच. त्यांच्यावर मला धड रागावताही येत नाही, ही माझी वेगळीच अडचण.

मग ठरल्याप्रमाणे जुन्या खोल्या पाडल्या. जेसीबीचा पंजा भिंतीला लागला आणि अर्ध्या दिवसात सगळं जमिनीला आलं. मुलं टाळ्या पिटत होती. तात्पुरती शाळा नाल्यापल्याडच्या समाजमंदिरात भरू लागली. ज्यांना नाला ओलांडणं जमणार नव्हतं त्यांची मुलं रोज नाला ओलांडून जाऊ लागली, आणि एकही वाहून गेलं नाही. विटा, टिनं, दारं, खिडक्या लिलावात गेल्या. मलबा उचलला. राहिला तो फक्त कोबा.

घोडं पेंड खायला लागलं ते इथं. कोबा म्हणजे खोल्यांची सिमेंटची जमीन. पाडणाऱ्यानं ती फोडली नाही. नवा पाया खणताना फोडू म्हणाला. तीन खोल्यांची आणि ओसरीची ती गुळगुळीत, जोत्यावर उचललेली फरशी उरलेल्या पावसाळ्यात धुऊन निघाली आणि दसऱ्याला चकचकीत होऊन उन्हात पडून राहिली. खडा नाही, माती नाही, खालून ओल नाही. तापायलाही लवकर तापते. सोयाबीन वाळवायला याहून चांगली जागा सात गावांत नव्हती. आणि त्या वर्षी परतीचा पाऊस सुटला.

परतीच्या पावसाची भीती ज्यानं पाहिली नाही त्याला पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. मीही आधी वेडेपणाच म्हणायची. पण सोंगून ठेवलेल्या गंजीत हात घातला आणि आतून गरम वाफ आली, शेंगेतल्या दाण्याला पांढरा मोड फुटलेला दिसला, की मग माणूस शहाणपणाच्या पलीकडं जातो. त्या वर्षी आमच्या घरात जेवतानाही सगळ्यांचे डोळे दाराबाहेरच्या आभाळाकडं असायचे. ऊन पडलं की सगळे धावत सुटायचे. अशा एका दुपारी बापूरावकाकांनी आपलं अर्धं ओलं सोयाबीन आणून कोब्यावर, जिथं पाचवीचा वर्ग होता तिथं, पसरलं. “एका दिवसापुरतं,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीच्या वर्गावर दुसऱ्याची रास होती. संध्याकाळपर्यंत ओसरीसुद्धा भरली. आमच्या ह्यांनीही तिसऱ्या खोलीच्या कोपऱ्यात आपली रास टाकली. आणि रास पडली की ती जागा त्या घराची.

त्याच आठवड्यात इंजिनीअर साहेब आखणी करायला आले.

तरुण होते, अमरावतीकडचे असावेत. बरोबर टेप, सुतळीचं बंडल, लोखंडी खुंट्या आणि फक्कीची थैली. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी; पाया कुठून कुठं खणायचा त्याच्या पांढऱ्या रेघा तिनं ओढतात. ते गाडीतून उतरले आणि समोर पाहत उभेच राहिले. जिथं आखायचं तिथं पिवळंधमक सोयाबीन, काठाला बाया, दगडावर बसलेले म्हातारे, आणि एक बकरी, जिला सगळे मिळून हाकलत होते.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“सोयाबीन हाय, सायेब,” बापूरावकाका म्हणाले. त्यांना वाटलं, साहेबांना खरंच माहीत नाही.

साहेब पुढं निघाले तर दहा आवाज एकदम उठले, “जोडे! जोडे काढा, सायेब!” बिचाऱ्यानं बूट काढले, मोजे काढले, पॅण्ट दुमडली आणि टेपचं टोक धरून तापलेल्या कोब्यावर गेले. दोन राशींच्या मधल्या फटीतून चालताना दाण्यांवर पाय पडला आणि घसरून बसले. सोयाबीनवर पाय पडला की पायाखाली काहीच राहत नाही. बाया पदरात तोंड लपवून हसल्या. मीही हसले. तेवढं एक हसू त्या सगळ्या हंगामातलं माझ्या वाट्याला आलं.

मग त्यांनी जिथं खुंटी ठोकायची म्हटलं ती जागा बापूरावकाकांच्या राशीच्या मधोमध निघाली. काकांचा चेहरा पडला. “राशीत खुंटी? नाई नाई सायेब, राशीत लोखंड नाई टोचत कोनी. पुजा व्हायची हाय तिची.” साहेब म्हणाले, मग निदान फक्कीची रेघ ओढतो. तर दुसरीकडून ओरड झाली की चुना मालात मिसळला तर व्यापारी हात लावत नाही. साहेब म्हणाले, मग राशी जरा सरकवा. सगळे एकमेकांच्या राशीकडं पाहत होते. सरकवायची म्हणजे कुठं? ज्याची सरकली त्याची जागा गेली, आणि आभाळ तर अजून भरलेलंच होतं.

मला तिथंच ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही. म्हटलं, “अहो, तीन सभा घेऊन तुम्हीच जागा ठरवली ना? आता साहेबांना काय परत पाठवता?” बापूरावकाका शांतपणे म्हणाले, “सूनबाई, शाळेले नाई कोन म्हनते? म्या त पहिला हात वर केलता. पन हे आठ दिवस जाऊ दे न.” मी म्हटलं, “तुमची रास उचला काका, बाकीचे उचलतील.” काका म्हणाले, “उचलतो ना. पहिले त्याईले उचलू दे.” आणि त्यांनी ज्यांच्याकडं बोट दाखवलं त्यांनी पुढच्याकडं दाखवलं. बोट फिरत फिरत कोब्याला वळसा घालून पुन्हा काकांपाशी आलं.

वंदनाबाई कडुनिंबाखाली उभ्या होत्या. त्यांना शेत नाही, त्यामुळं रासही नाही, त्यामुळं त्यांना कुणी विचारतही नव्हतं. त्या पुढं आल्या. “तुमची रास हाय कोब्यावर,” त्या म्हणाल्या, “माही पोरगी हाय. तिचं बी एक वर्स भिजून राह्यलं. तुमचं त ऊन पडल्यावर सुकन.” कुणीतरी मागून म्हणालं, “तुमाले काय कमी झालं बाई? शाळा तं तुमच्याकडंच आली न, समाजमंदिरात.” वंदनाबाईंनी त्या माणसाकडं पाहिलं आणि परत झाडाखाली गेल्या. माझ्या तोंडात एक शिवी आली होती. ती मी गिळली. आज वाटतं, गिळायला नको होती.

साहेबांनी पायांवरची धूळ झटकली, बूट घातले. “रिकामं झालं की कळवा,” म्हणाले. जाताना त्यांना कुणीतरी चहा पाजला, आणि कुणीतरी गाडीत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी ठेवली. आमचं गाव पाहुणचाराला कमी पडत नाही.

त्यानंतरचे दिवस मी घरोघर फिरले. मुलाला सासूबाईंपाशी ठेवायचं, वंदनाबाई मजुरीवरून आल्या की त्यांना घेऊन निघायचं. प्रत्येक घरी पाणी मिळालं, गूळ मिळाला, आणि एकच उत्तर मिळालं. “उचलतो. पहिले त्याईले उचलू द्या.” कुणीही नाही म्हणालं नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याचं काय करायचं? एका घरी तर आजीबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, “लय करून राह्यली वं माय तू शाळेसाठी.” मला रडू आलं ते मायेनं नाही. संतापानं आलं.

शेवटी एके सकाळी मी टोपलं आणि खराटा घेतला आणि आमच्या घरच्या राशीपाशी गेले. हे म्हणाले, “येडी झाली काय? जागा जाईन.” मी म्हटलं, जागा शाळेची आहे. नारळ नाही, उदबत्ती नाही, मी टोपल्यानं रास भरायला लागले. वंदनाबाई आल्या, त्या दिवशीची मजुरी बुडवून. आम्ही दोघींनी अंगावर कुटाराची खाज घेत अख्खी रास आमच्या अंगणात आणून टाकली. अंगण लहान, ओलं; तीन दिवस ती मला सारखी हलवत बसावं लागलं. पण कोब्याचा एक कोपरा मोकळा झाला. सिमेंटची राखाडी फरशी दिसली. मला वाटलं, आता कुणीतरी पाहील. एकानं उचलली की दुसऱ्याला लाज वाटेल. मी घरी जाऊन हातपाय धुतले, चहा घेतला आणि पुन्हा पाहायला गेले.

तो कोपरा भरलेला होता. बापूरावकाकांची रास दाट पडली होती, नीट वाळत नव्हती, म्हणून त्यांनी ती जरा पातळ करून मोकळ्या जागेवर ओढली होती. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. “बरं केलं वं सूनबाई,” म्हणाले, “जरा हवा मिळाली मालाले.” त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. मी त्यांच्यासाठीच जागा केली असं त्यांना मनापासून वाटलं होतं. मी टोपलं तिथंच आपटलं आणि घरी आले. ह्यांनी जपून एकदा विचारलं, “भाजीत मीठ हाय काय?” मी म्हटलं, चाखून पाहा.

दिवाळी आली. आकाश निवळलं. नारळ फुटले, राशी उचलल्या गेल्या. मी सरपंचांना म्हटलं, आता कळवा. ते म्हणाले, लोक पेरणीत आहेत, हरभरा होऊ द्या. हरभऱ्याची पेरणी झाली तोवर कोब्यावर कुणाचं तरी कुटार येऊन पडलं. ते हललं तर तूर आली. तुरीनंतर हरभरा. हरभऱ्यानंतर लग्नसराई, कोब्यावर मांडव छान बसतो, पंगतीला धूळ येत नाही. मी प्रत्येक वेळी कळवा म्हणत राहिले आणि प्रत्येक वेळी ते ‘हाव, कळवतो’ म्हणत राहिले. उन्हाळ्यात समजलं की आमच्या नावाची इमारत दुसऱ्या गावाला गेली. त्या गावानं जागा मोकळी करून दिली होती. तेल गेलं, तूप गेलं आणि आमच्या हाती एक चांगला वाळलेला कोबा आला.

पुढच्या जूनमध्ये समाजमंदिरातली शाळा चौथीपर्यंत राहिली. वरचे वर्ग कामरगावला जोडले. ज्यांना जमलं त्यांनी मुलं कॉन्व्हेंटात घातली; सकाळी पिवळी गाडी येते, कोब्यापाशीच थांबते. काही मुलं जीपनं जातात. वंदनाबाईंनी खूप ओढाताण केली. मीही दोनदा जाऊन समीक्षाच्या वडिलांशी बोलले. “तुमचं बरोबर हाय वयनी,” ते म्हणाले, “पन फाळक्याले लटकनाऱ्या पोट्ट्याईची ग्यारंटी तुमी घेता काय?” मी घेऊ शकत नव्हते. कुणीच घेऊ शकत नव्हतं. समीक्षानं सहावीचे काही महिने घरीच पुस्तक वाचलं, मग भाऊ झाला, त्याला सांभाळायला लागली, मग आईबरोबर निंदणाला जाऊ लागली.

लोक मला म्हणतात, आता सोडा ते. नवीन प्रस्ताव गेला आहे, होईल कधीतरी. होईलही. पण राग असा प्रस्तावावर थांबत नाही. आणि नेमका कुणावर काढायचा तेही कळत नाही. एखादा दुष्ट माणूस असता, शाळेची जागा गिळणारा, तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. इथं सगळे चांगले. सगळे एकमेकांच्या राशीला जपणारे, एका दाण्याला हात न लावणारे. इतक्या भल्या माणसांनी मिळून एक शाळा जमिनीवरून पुसून टाकली, आणि कुणाच्याही हाताला माती लागली नाही.

यंदाही हंगाम चांगला आहे. ऊन कडक, आभाळ कोरं. परवा दुपारी मी तुरीकडून येत होते. पायांना कुटार चिकटलेलं, डोक्यावर वैरणीचा भारा. कोबा भरला होता. बाजूचं पटांगणही भरलं होतं. बापूरावकाका कडुनिंबाखाली खाटेवर होते. आता त्यांना उठबस जमत नाही, म्हणून राशीला पाय मारायला त्यांनी मजुरीनं मुलगी ठेवली आहे. पाय मारणं म्हणजे दाण्यांतून पाय ओढत चालायचं, खालचे वर येतात, ऊन सारखं लागतं. मुलगी समीक्षा होती. उंच झाली आहे, आईसारखी दिसते. ती मान खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती आणि तिच्या मागं सोयाबीनमध्ये सरळ रेघा उमटत होत्या.

मी भारा उतरवून बसले. ती पाणी प्यायला निघाली. माठ काकांच्या खाटेपाशी, समोरच दहा पावलांवर होता; सरळ कोब्यावरून उतरायचं आणि जायचं. पण ती वळली, कडेकडेनं मागं गेली, एका ठरावीक जागेवरून खाली उतरली आणि मग लांबून वळसा घालून आली. तिच्या चपला तिथंच होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या. पाणी पिऊन ती परत तशीच वळसा घालून गेली, त्याच जागी चपला काढल्या आणि तिथूनच वर चढली.

मला वाटलं, राशीचा मान ठेवते आहे पोरगी. मी म्हटलं, “समीक्षा, अगं इथूनच चढ ना. रास तर आत आहे, इकडची कड मोकळीच आहे.”

ती थांबली. जरा ओशाळली. “तिकून भिंत होती न काकू,” ती म्हणाली. “दार इकडं होतं.”

मी पाहिलं. भिंत नाही, दार नाही, उंबरठा नाही. राखाडी सिमेंट आणि ऊन.

“पाचवीचा वर्ग हाय हा,” ती म्हणाली. “सवय हाय.” आणि पुन्हा पाय मारू लागली.

मी भारा उचलला. डोक्यावर घेतला. कडुनिंबाखालून बापूरावकाकांनी आवाज दिला. खूप दिवसांनी त्यांना इतकं आनंदात पाहिलं.

“सूनबाई, औंदा पाह्यलं का? कोनाचं कोनाशी भांडन नाई. जागा पुरली न सगळ्याईले?”

“हाव, काका,” मी म्हटलं. “पुरली.”